नोकरी आणि नोकर : परदेशातील चाकरीच्या काही कथा

१

मराठीत 'नोकरी' हा शब्द प्रतिष्ठेचा आहे आणि 'नोकर' हा शब्द तितकाच अप्रतिष्ठेचा. मुलाला नोकरी लागली की घरी पेढे वाटले जातात. पण आपला मुलगा अमक्याच्या घरी नोकर आहे, असे कोणी आनंदाने सांगत नाही. फारसीतून आपल्याकडे आलेल्या एकाच शब्दाची ही दोन रूपे आपल्या समाजाने जणू दोन वेगळ्या आळ्यांत नेऊन बसविली आहेत. इंग्रजीत 'जॉब' आणि 'सर्व्हंट' हे शब्द एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. त्यामुळे त्यांच्यातील अंतर त्या भाषेच्या बोलणाऱ्याला सहसा जाणवत नाही. मराठी माणसाला ते जाणवावयास हवे, कारण त्याच्या भाषेनेच ते त्याच्यापुढे मांडून ठेवले आहे.

पोटासाठी समुद्र ओलांडून परक्या देशात घरकाम, झाडलोट, हॉटेलातील भांडी घासणे, पानात वाढणे अशी कामे करणाऱ्या माणसांच्या कथा वाचताना शब्दांची ही जोडी माझ्या मनात वारंवार येत राहिली. घरून निघतो तेव्हा तो माणूस नोकरीला निघालेला असतो. तेथे पोहोचल्यावर तो नोकर होतो. आणि घरी पत्र पाठवितो तेव्हा ती पुन्हा नोकरीच होते. या तीन मुक्कामांपैकी पहिला आणि तिसरा समाजाला माहीत असतात. मधला एकट्या त्या माणसाला ठाऊक असतो. या विषयावरील ललित साहित्याचे खरे क्षेत्र हा मधला मुक्काम होय, आणि त्या साहित्याची कसोटीही तेथेच लागते, असे मला वाटते.

हे म्हणण्याचे कारण असे की, स्थलांतराच्या साहित्याची आपली समीक्षा अलीकडे काही ठरावीक संज्ञांवर विसंबून राहू लागली आहे. अस्मिता, परात्मता, विस्थापन, दोन संस्कृतींमधील त्रिशंकू अवस्था या संज्ञा निरर्थक नाहीत. तथापि त्या विद्यापीठातील प्राध्यापकाला जितक्या लागू पडतात, तितक्याच तळघरात भांडी घासणाऱ्याला लागू पडतात. आणि जी संज्ञा दोघांनाही सारखीच लागू पडते, ती दोघांमधला फरक सांगू शकत नाही. भांडी घासणाऱ्याला अस्मितेचा प्रश्न पडत नाही असे नव्हे. परंतु तो त्याला पाण्याने फुगलेल्या हातांनी आणि महिनाअखेरच्या हिशेबाने पडतो. ते हात आणि तो हिशेब वगळून केलेली चर्चा कितीही सूक्ष्म असली, तरी ती अपुरीच राहते.

२

या कामाचे एक वैशिष्ट्य कथालेखकाच्या दृष्टीने मोठे अडचणीचे आहे. सुताराचे काम खुर्चीच्या रूपाने उरते, गवंड्याचे भिंतीच्या रूपाने. फरशी पुसणाऱ्याचे काम मात्र काहीच न उरण्यात पूर्ण होते. फरशी स्वच्छ दिसते. पुसणारा दिसत नाही. अंथरूण घडी न मोडल्यासारखे दिसले की ते घालणारीचे काम उत्तम झाले. आपली खूण पुसून टाकणे हेच ज्या कामाचे यश, त्या कामाची कथा लिहावयाची तर जे मुद्दाम अदृश्य केले गेले आहे ते दृश्य करावे लागते.

ही अडचण ओळखून तिला सरळ भिडणारा एक लेखक म्हणून जॉर्ज ऑर्वेलचा उल्लेख करावा लागेल. बिहारमधील मोतीहारी येथे १९०३ साली जन्मलेला हा इंग्रज पॅरिसमध्ये विपन्नावस्थेत राहिला, तेथील एका मोठ्या हॉटेलात आणि नंतर एका उपाहारगृहात त्याने भांडी घासण्याचे काम केले आणि त्या अनुभवावर 'डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन' हे पुस्तक १९३३ साली प्रसिद्ध केले. त्याच्या त्या हॉटेलच्या तळघरात युरोपातील नाना देशांची माणसे राबत असतात. त्याचा मित्र बोरिस हा रशियन सैन्यात अधिकारी होता. आता तो वेटरच्या कामाच्या शोधात पॅरिसभर लंगडत हिंडतो. पुस्तकातील सर्वांत लक्षात राहणारी गोष्ट म्हणजे स्वयंपाकघर आणि भोजनगृह यांच्यामधील दार. त्या दाराच्या अलीकडे घाम, शिवीगाळ, उष्टे आणि चिखल. पलीकडे शुभ्र मेजपोस. अलीकडे ओरडणारा वेटर त्या दारातून जाताना क्षणात बदलतो आणि पुजाऱ्यासारखा गंभीर होऊन गिऱ्हाइकापुढे लवतो. या एका दृश्यात सेवेच्या धंद्याचे सारे शास्त्र आले आहे.

ऑर्वेल तास मोजतो, पगार मोजतो, किती पैशांत किती पाव येतो हेही सांगतो. उपाहारगृहातील कामाचे तास दिवसाला सतराहून अधिक होते, हे तो लिहितो तेव्हा तो आकडा केवळ माहिती राहत नाही. एवढे तास काम करणाऱ्याला विचार करण्यास अवकाशच उरत नाही, म्हणून तो बंडही करीत नाही, हा त्याच्या विवेचनाचा कणा त्या आकड्यावरच उभा आहे. तथापि या पुस्तकाला एक मर्यादा आहे आणि लेखकाने ती लपविलेली नाही. ऑर्वेलला परतीची वाट होती. लंडनमधील मित्राकडून पत्र येते, पैसे येतात, आणि तो बाहेर पडतो. ज्याला असे पत्र येणार नाही, उलट ज्याच्याच पत्राची आणि पैशांची घरी वाट पाहिली जाते, त्याची कथा सांगण्यास दुसरे लेखक यावे लागले.

३

सेनेगलचे उस्मान सेंबेन यांची 'ला न्वार दे…' ही फ्रेंच कथा १९६२ सालच्या त्यांच्या 'व्होल्ताईक' या संग्रहात आहे. तिच्यावर त्यांनीच केलेला चित्रपट १९६६ चा. डाकारमध्ये एका फ्रेंच कुटुंबाची मुले सांभाळणारी जुआना ही तरुणी त्यांच्यासोबत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील आंतीब येथे जाते. फ्रान्सला जाण्याचा तिला कोण आनंद! तेथे पोहोचल्यावर मात्र मुले सांभाळण्याबरोबर स्वयंपाक, धुणे, झाडणे, पुसणे अशी सारीच कामे तिच्या गळ्यात पडतात, आणि तिच्या वाट्याचा फ्रान्स त्या घराच्या चार भिंतींपलीकडे जात नाही. अखेर ती न्हाणीघरात स्वतःचा जीव घेते. वर्तमानपत्रात या घटनेची नोंद किरकोळ बातमी म्हणून होते.

या कथेचे शीर्षकच भाषांतरकाराला अडवून धरते. फ्रेंचमधील 'दे' या अव्ययाने 'कोठली' हाही बोध होतो आणि 'कोणाची' हाही. त्यापुढील टिंबे तो प्रश्न उघडा ठेवतात. मराठीत एक तर 'ची' लावावे लागते, नाही तर 'हून'. नाव आणि गाव या दोन्हींच्या जागी मालकाचे नाव येणे, हीच या कथेतील शोकांतिका आहे. मुंबईतील मराठी वाचकाला हे अगदीच परके वाटू नये. रत्नागिरीकडून येऊन मुंबईच्या घरांतून राबणाऱ्या गड्याला, त्याचे नाव गणपत असो की बाबाजी, सरसकट 'रामा' म्हणण्याची पद्धत येथे दीर्घकाळ होती. नाव काढून घेण्यासाठी समुद्र ओलांडावाच लागतो असे नाही.

चित्रपटात एक प्रसंग आहे. जुआनाला आईचे पत्र येते. तिला लिहितावाचता येत नाही, म्हणून मालक ते वाचून दाखवितो आणि तिच्या वतीने उत्तरही लिहू लागतो. ती ते पत्र फाडून टाकते. परक्या देशात राबणाऱ्याजवळ स्वतःचे असे फार थोडे असते. पत्र हे त्यांपैकी एक. तेही मालकाच्या लेखणीतून उतरू लागले की नोकरपणा पूर्ण झाला, हे या एका कृतीने सांगितले आहे. शेवटी मालक तिची पेटी आणि तिच्या पगाराचे पैसे घेऊन डाकारला तिच्या आईकडे जातो. आई पैसे घेत नाही. त्या नकाराखेरीज दुसरी कोणतीही टीका दिग्दर्शकाने केलेली नाही, आणि तिची गरजही नाही.

४

व्ही. एस. नायपॉल यांच्या 'इन अ फ्री स्टेट' या १९७१ सालच्या, त्याच वर्षी बुकर पारितोषिक मिळालेल्या पुस्तकात 'वन आउट ऑफ मेनी' ही दीर्घकथा आहे. तिची सुरुवात मुंबईत होते. संतोष हा डोंगराळ मुलखातून आलेला घरगडी एका सरकारी अधिकाऱ्याकडे कामाला असतो. रात्री तो इमारतीबाहेर पदपथावर इतर गड्यांबरोबर झोपतो. बायकामुले गावी. परंतु आपण मोठ्या साहेबाचे गडी आहोत याचा त्याला अभिमान असतो. पदपथावरील त्या मंडळींत त्याला मान असतो. साहेबांची वॉशिंग्टनला बदली होते आणि संतोष हट्टाने त्यांच्यासोबत जातो. तेथे तो घरातल्या एका कपाटवजा जागेत झोपू लागतो. डॉलरचे रुपये करून पाहण्याची त्याला सवय लागते, तेव्हा किरकोळ खाण्यापिण्याचा खर्चही आपल्या पगाराला पेलणारा नाही हे त्याच्या ध्यानात येते. पुढे तो पळून जातो, प्रिया नावाच्या गृहस्थाच्या उपाहारगृहात स्वयंपाकी होतो, आणि कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी जिला तो 'हबशी' म्हणतो अशा एका कृष्णवर्णीय मोलकरणीशी लग्न करतो.

ही कथा स्वातंत्र्याविषयी आहे असे सामान्यतः म्हटले जाते, आणि ते खरेच आहे. परंतु कथेचा मर्मबिंदू मला एका लहानशा शब्दात दिसतो. प्रियाकडे आल्यावर संतोष स्वतःला त्याच्या बरोबरीचा समजू लागतो. आपण आता कोणाचे नोकर नाही, असे त्याने मनाशी ठरविलेले असते. संकटाच्या घडीला, सल्ला विचारताना, त्याच्या तोंडून प्रियासाठी 'साहेब' हा शब्द निघून जातो. तेवढ्याने दोघांमधील नाते पालटते. मुद्दाम कमावलेली बरोबरी एका संबोधनाने विरघळते. इंग्रजी वाचकाला हा शब्द परका, भारतीय रंगाचा वाटतो. मराठी वाचकाला तो दिवसातून दहा वेळा कानी पडणारा शब्द वाटतो. माझ्या स्वतःच्या टेबलापुरते मी या कथेचे भाषांतर करून पाहिले, तेव्हा या ठिकाणी माझी लेखणी अडेल अशी माझी अपेक्षा होती. ती मुळीच अडली नाही. जो शब्द भाषांतराशिवाय मराठीत येतो त्याच शब्दावर कथा कोसळते, ही गोष्ट मला फार काळ अस्वस्थ करीत राहिली. नायपॉल यांनी अमेरिकेविषयी लिहिले खरे. पण संतोषने बरोबर नेलेले ओझे आपल्याच भाषेने बांधून दिलेले होते.

कृष्णवर्णीयांविषयी संतोषच्या मनात असलेला तिरस्कारही असाच बरोबर नेलेला आहे. स्वतः मालकाच्या कपाटात झोपणारा हा माणूस आपल्याखाली कोणीतरी आहे या जाणिवेवर जगतो. नायपॉल त्याची कीव करीत नाहीत आणि त्याला दोषही देत नाहीत. तथापि कथेच्या अखेरीस संतोष ज्या रिक्त तटस्थतेत जाऊन पोहोचतो, ती त्याची स्वतःची न वाटता लेखकाने त्याला उसनी दिल्यासारखी वाटते. जो माणूस पगाराचे रुपये बोटांवर मोजत होता, तो शेवटी तत्त्वज्ञ होऊन बोलतो. येथे हिशेब सुटला आहे, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते.

५

किरण देसाई यांची 'द इनहेरिटन्स ऑफ लॉस' ही कादंबरी २००६ ची. तिलाही त्याच वर्षी बुकर पारितोषिक मिळाले. कादंबरीचा काळ १९८६ चा, गोरखालँड चळवळीचा. कालिम्पाँगमधील एका निवृत्त न्यायाधीशाचा स्वयंपाकी आपला मुलगा बिजू याला न्यूयॉर्कला पाठवितो. बिजूजवळ राहण्याचा परवाना नाही. तो एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरातून दुसऱ्यात ढकलला जातो. वर फ्रेंच, इटालियन किंवा अमेरिकन खाणे. खाली तळघरात मेक्सिको, भारत, पाकिस्तान आणि आफ्रिका. ऑर्वेलने दाखविलेले दार येथे जिन्याचे रूप घेते, आणि जगाचा नकाशा त्या जिन्याच्या वर आणि खाली वाटला जातो.

या कादंबरीतील सर्वांत हृदयस्पर्शी भाग पत्रांचा आहे. बाप स्वतः आयुष्यभर परक्याच्या घरी चाकरी केलेला. मुलाने ती करू नये म्हणून त्याने त्याला अमेरिकेला धाडले. मुलगाही तेथे तेच करतो आहे. पण बापाला तो ते सांगत नाही, आणि बापही गावात मुलाची प्रतिष्ठा वाढवून सांगतो. इतकेच नव्हे, तर इतरांच्या मुलांनाही तेथे बोलावून घे, असा आग्रह तो पत्रातून करतो. दोन पिढ्यांतील नोकर एकमेकांना 'नोकरी'च्या भाषेत पत्रे लिहितात. प्रेमामुळेच ते एकमेकांशी खोटे बोलतात, आणि त्या खोट्याने आणखी मुले त्या तळघराकडे ओढली जातात. स्थलांतराची कारणे शोधणाऱ्या अभ्यासकाने दारिद्र्य आणि बेकारी यांच्या शेजारी या पत्रांनाही जागा द्यावयास हवी.

बिजू गोमांस शिजविणारी जागा सोडतो आणि 'गांधी कॅफे' या भारतीयाच्या उपाहारगृहात येतो. येथे आपली माणसे, आपले अन्न, मनाला टोचणी नाही. राहण्याची सोय म्हणजे रात्री त्याच स्वयंपाकघरात झोपणे. एक दिवस पालकाच्या पानावरून पाय घसरून त्याचा गुडघा दुखावतो. मालक डॉक्टर बोलावण्यास तयार होत नाही. धर्म जपण्यासाठी निवडलेली जागाच देहाला सर्वांत निर्दय ठरते. हा उपरोध लेखिकेने अतिशय संयमाने हाताळला आहे. शेवटी बिजू परत येतो आणि वाटेत लुटला जाऊन, अंगावर एका बाईचा झोपण्याचा झगा घातलेल्या स्थितीत बापाला भेटतो. साऱ्या नोकरीची मिळकत एवढीच.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. बिजूच्या तळघरातील जग जवळजवळ सर्वस्वी पुरुषांचे आहे. त्यांच्या दुःखात एक प्रकारचा गलबला आहे, थट्टा आहे, सोबत आहे. घरकामासाठी गेलेल्या स्त्रीला ही सोबतदेखील मिळत नाही. तिचे कामाचे ठिकाण म्हणजे दुसऱ्याचे घर. तिच्या तळघराला एकच रहिवासी असतो.

६

या एकाकी स्त्रीची कथा आपल्या अगदी जवळच्या भाषेत लिहिली गेली आहे. दामोदर मावजो यांची 'कार्मेलीन' ही कोकणी कादंबरी १९८१ साली प्रसिद्ध झाली; तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे २०२२ या वर्षासाठीचा ज्ञानपीठ पुरस्कार मावजो यांना देण्यात आला. सासष्टी तालुक्यातील माजोर्डा या गावी त्यांनी दुकान चालविले, ही गोष्ट येथे अप्रस्तुत नाही. परगावी गेलेल्या माणसांचा हिशेब गावातील दुकानाइतका दुसरीकडे कोठे कळतो?

कार्मेलीन ही गोव्यातील एका खेड्यातील स्त्री. संसार मोडकळीस आलेला, नवरा व्यसनी, पदरी मुलगी. ती कुवेतला आया म्हणून जाते. तेथे तिला मालकाच्या वासनेला बळी पडावे लागते. या कादंबरीचे बळ असे की ती कुवेतमध्ये सुरू होत नाही. कार्मेलीनचे बालपण, तिचे पोरकेपण, फसलेले प्रेम आणि लग्न हे सारे आपण आधी पाहिलेले असते; त्यामुळे परदेशात गेलेली ती केवळ 'एक आया' राहत नाही. सेंबेन यांच्या कथेत मालक जे नाव हिरावून घेतात, ते नाव मावजो यांनी कादंबरीच्या मुखपृष्ठावरच लिहून ठेवले आहे. दुर्दैवांची मालिका कधी कधी अधिक दाट वाटते, हे मान्य केले तरी नायिकेच्या निर्णयांना लेखक नैतिक निवाड्याच्या तराजूत घालत नाही, ही त्याची कलावंत म्हणून मोठी शक्ती आहे. गरज आणि लाज, मुलीवरील माया आणि स्वतःविषयीची घृणा ही सारी एकाच देहात कशी नांदतात, ते तो शांतपणे पाहतो.

'आया' हा शब्दच एक इतिहास आहे. तो पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि इंग्रजांच्या घरांतून पुन्हा समुद्रावर गेला. साहेबांच्या मुलांना सांभाळीत मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या आया आगबोटीतून विलायतेला जात. तेथे पोहोचल्यावर काहींना कामावरून दूर केले जाई आणि परतीच्या प्रवासाची सोय होईपर्यंत त्या निराधार राहत. त्यांच्यासाठी लंडनमध्ये आयांचे एक वसतिगृह होते. हॅकनी भागातील त्या इमारतीवर २०२२ साली स्मृतिफलक बसविण्यात आला. शतकापूर्वीच्या या स्त्रियांनी स्वतः लिहिलेले फारच थोडे आपल्या हाती आहे. कार्मेलीन ही त्यांची वारस होय.

गोव्याची ही परंपरा पुरुषांचीही आहे. बोटींवरील तारवटी, स्वयंपाकी, बटलर म्हणून गोव्याची माणसे जगभर गेली. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावोगावच्या 'कुडां'तून ती बोटीची वाट पाहत राहिली. कोकणी तियात्राचा उगमही याच स्थलांतरितांच्या मुंबईत झाला. पहिला तियात्र 'इटालियन भुर्गो' येथेच १८९२ साली झाला. चाकरी करणाऱ्या माणसांनी स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या पैशाने उभी केलेली ही रंगभूमी. कोकणीला 'कार्मेलीन' लाभली याचे एक कारण ही दीर्घ पूर्वतयारी असावी, असे मला वाटते.

७

आता मराठीकडे वळले पाहिजे. परदेशाविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्यातील माझ्या वाचनात आलेला मोठा भाग प्रवाशाचा, विद्यार्थ्याचा, डॉक्टरचा, इंजिनिअरचा आहे. त्यात नोकरी आहे, नोकर नाही. दुसरीकडे श्रमाची, घाणीची, अपमानाची निर्भीड भाषा मराठीने कमावली ती दलित आत्मकथनांतून. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले आणि मुंबईच्या पोटातील जे जग साहित्याच्या उंबऱ्याबाहेर होते, ते आत आले. हे दोन प्रवाह आपल्या साहित्यात शेजारी शेजारी वाहतात, पण क्वचितच एकमेकांना मिळतात. परदेशात झाडू हाती घेणाऱ्याची कथा ही त्यांच्या संगमाची जागा ठरू शकेल.

हा संगम केवळ इच्छेने होणार नाही, याची प्रचीती भाषांतर करताना येते. 'क्लीनर' या साध्या शब्दाला मराठीत काय म्हणावे? 'झाडूवाला' म्हटले की जात आठवते. 'सफाई कामगार' म्हटले की नगरपालिका आठवते. 'मोलकरीण' शब्दात मोल आहे, पण मान नाही. 'घरगडी' म्हणजे पुरुषच, आणि तोही मागच्या जमान्यातला. हल्ली शहरांतील सुशिक्षित घरांतून 'मावशी' हा शब्द रूढ झाला आहे; तो ऐकण्यास गोड आहे, परंतु मावशीला रजा किती आणि पगारवाढ केव्हा, हे प्रश्न त्या गोडव्यात विचारावयाचे राहून जातात. २००८ साली महाराष्ट्राने या कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, तेव्हा त्याच्या नावात 'घरेलू कामगार' असा हिंदी वळणाचा शब्द घालावा लागला. कायद्याला जो निर्मळ शब्द हवा होता, तो मराठीच्या घरात सापडला नाही, असाच याचा अर्थ मी लावते.

जगानेही या बाबतीत फार घाई केलेली नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांच्या हक्कांचा करार २०११ साली संमत केला. कुवेतने घरकामगारांविषयीचा स्वतंत्र कायदा २०१५ साली केला. त्यात दिवसाला अधिकाधिक बारा तास काम आणि आठवड्याला एक सुट्टी अशी तरतूद आहे. 'कार्मेलीन' त्याआधी चौतीस वर्षे प्रसिद्ध झाली होती. कादंबरी कायदे घडविते असा दावा येथे करावयाचा नाही. एवढेच म्हणावयाचे आहे की कायदा ज्याला 'कामगार' म्हणू लागला, त्याला माणूस म्हणून ओळखण्याचे काम साहित्याने आधी केले होते. आणि ते त्याने अस्मितेच्या चर्चेतून केले नाही, तर पत्र, पगार, झोपण्याची जागा आणि तोंडून निसटलेले संबोधन अशा बारीक गोष्टींतून केले.

मी हा लेख लिहीत असताना माझ्या स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. त्या बाईंना मीही 'मावशी'च म्हणते. त्यांची मुलगी आखातात एका हॉटेलात कामाला लागली आहे, हे त्यांनी मला गेल्या महिन्यात सांगितले. "नोकरी लागली पोरीला, ताई," असे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो खराच होता. त्यावर माझे वाचन लादण्याचा मला अधिकार नाही. मी तिचे काम काय, असे विचारले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हॉटेलातच." मी पुढे विचारले नाही.

त्या क्षणभराच्या थांबण्यात काय होते, ते समीक्षेला सांगता येणार नाही. ते जाणणारी कादंबरी मराठीत कोणी तरी लिहील, आणि कदाचित ती मुलगीच लिहील, अशी आशा बाळगणे मात्र समीक्षेच्या हाती आहे. तोपर्यंत भाषांतरकाराने आपल्या शब्दांचा हिशेब नीट ठेवावा, आणि 'नोकरी' हा शब्द लिहिताना त्याच्या आत उभा असलेला नोकर विसरू नये.